छोटं घर भाड्याने द्यायचंय आणि माणूस चांगला हवाय

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका बेडरूमचं छोटं घर, दोन महिने झाले रिकामं पडलंय, बघायला लोक येतात, पण जे बरे वाटतात ते परत फोन करत नाहीत आणि जे लगेच चावी मागतात त्यांना द्यायची मालकालाच भीती वाटते. तर चांगला भाडेकरू मिळवायचा कसा, ओळखायचा कसा, आणि त्यासाठी एजंट घ्यावा का. दादा, मी बरीच वर्षं हेच काम करते, स्वतःचीही छोटी घरं भाड्याने आहेत आणि दुसऱ्यांचीही सांभाळते, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. बरे वाटणारे लोक परत फोन करत नाहीत कारण त्यांच्याकडे पर्याय असतात. ज्याचं उत्पन्न नियमित आहे, ज्याच्याबद्दल आधीचे घरमालक चांगलं बोलतात, जो घर स्वच्छ ठेवतो, तो आठवड्याभरात चार-पाच घरं बघतो आणि त्यातलं मनाला पटलेलं घेतो. ज्याला कोणी घर देत नाहीये तो मात्र काहीच विचारत नाही, भिंतीला ओल असू दे, नळ गळू दे, तो म्हणतो कधीपासून राहायला येऊ. म्हणजे घरात जितक्या उणिवा ठेवाल, जाहिरातीत जितकं गुळमुळीत लिहाल, फोन उचलायला जितका उशीर कराल, तितके चांगले लोक आधी निघून जातात आणि शेवटी तुमच्यासमोर निवडीला उरतात तेच ज्यांना दुसरीकडे नकार मिळालाय. मग कागदपत्रं कितीही तपासा, निवडायला चांगलं कोणी असायला तर पाहिजे ना. म्हणून मी नेहमी सांगते की भाडेकरू पारखण्याचं काम नंतरचं, आधी चांगल्या माणसाला ते घर घ्यावंसं वाटेल असं करा.

आता आधी बघा की गाडी नक्की कुठे अडकलीये. जाहिरात बरेच लोक बघतायत पण फोन येत नाहीत, तर फोटो किंवा भाडं यात गडबड आहे. फोन येतात पण बघायला कोणी येत नाही, तर फोनवर तुम्ही जे सांगताय, अटी, डिपॉझिट, बोलण्याची पद्धत, त्यात काहीतरी लोकांना नकोसं वाटतंय. आणि लोक येऊन बघून जातात पण घेत नाहीत, तर जाहिरातीतलं घर आणि प्रत्यक्षातलं घर यात फरक आहे किंवा घरातच काहीतरी खटकतंय. तुमचं तिसरं प्रकरण दिसतंय. तरीही भाड्यापासून सुरुवात करते कारण तिथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

बहुतेक मालक काय करतात, तर आजूबाजूच्या जाहिराती बघतात, त्यातला सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवतात आणि त्याच्या जवळपास आपलं भाडं लावतात. अहो पण जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणी, मिळालेलं भाडं नाही. तुम्ही असं करा, तुमच्यासारख्या आकाराच्या घरांच्या जाहिराती तीन-चार आठवडे लक्ष ठेवून बघा. ज्या दहा-पंधरा दिवसांत गायब होतात त्यांचं भाडं खरं, ज्या दोन-दोन महिने तिथेच आहेत त्यांचं भाडं मालकाच्या मनातलं. आणि आता हिशोब. समजा तुम्ही बाजारभावापेक्षा ५ टक्के जास्त मागताय. रिकाम्या दिवसांचा तोटा त्या जास्तीच्या भाड्यातून वर्षभरात भरून निघायला हवा असेल तर घर फार तर १७ दिवस जास्त रिकामं राहिलेलं परवडतं, अठराव्या दिवसापासून तुम्ही तोट्यात. १० टक्के जास्त मागत असाल तर ही मुदत ३३ दिवसांच्या आसपास जाते. तुमचं घर दोन महिने रिकामं आहे म्हणजे वर्षाच्या भाड्याचा सहावा भाग गेलेलाच आहे, शिवाय रिकाम्या घराचे कर, दुरुस्ती, विजेचा स्थिर आकार हे चालूच. मी स्वतः तरी भाडं बाजारभावाला किंवा त्याच्या किंचित खाली ठेवते, म्हणजे पहिल्याच आठवड्यात दहा लोक विचारतात आणि त्यातून शांतपणे निवडता येतं. घाईला आलेल्या मालकाची निवड चुकतेच, हा माझा अनुभव आहे.

आणि यात अजून एक गोष्ट आहे जी फारशी कोणी बोलत नाही. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बँकेच्या कर्जांबद्दल दाखवून दिलं होतं की व्याजदर फार वाढवला तर भरवशाचे कर्जदार मागे हटतात आणि पुढे येतात ते जास्त जोखमीचे, कारण ज्याला परतफेड करायला जमेल याचीच खात्री नाही त्याला दर किती आहे याने फार फरक पडत नाही. भाड्याचं अगदी तसंच आहे हो. बाजारभावापेक्षा बरंच जास्त भाडं लावलंय आणि समोरचा एका शब्दाने घासाघीस न करता हो म्हणतोय, तर खूश होण्याआधी थोडं थांबा. जो महिन्याच्या महिन्याला खरंच भरणार असतो तो विचार करतो, विचारतो, यात पाणी धरलंय का, पार्किंग धरलंय का, थोडं कमी होईल का. तो प्रश्न विचारतोय याचा राग मानू नका.

आता घर. छोट्या घराबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की छोटं आहे म्हणजे जसं आहे तसं चालतं. उलट छोट्या घरात प्रत्येक गोष्ट अंगावर येते. मोठ्या घरात एका कोपऱ्यातला ओलीचा डाग लपतो, एका खोलीच्या घरात तो दारातूनच दिसतो.

सगळ्यात आधी वास. दार उघडल्याबरोबर जो वास येतो त्यावर माणूस निम्मा निर्णय तिथेच घेऊन टाकतो, त्याला स्वतःलाही कळत नाही. आणि दोन महिने बंद असलेल्या घरात एक हमखास होणारी गोष्ट म्हणजे बाथरूमच्या जाळीतून, सिंकमधून गटारासारखा वास. लोक घाबरून प्लंबरला बोलावतात, फ्रेशनर मारतात. खरं कारण साधं असतं, प्रत्येक ड्रेनच्या खाली वाकड्या पाइपात थोडं पाणी साठलेलं असतं आणि तेच पाणी गटारातली हवा वर येऊ देत नाही, घर बंद राहिलं की ते पाणी सुकतं आणि वास सरळ घरात. दर आठवड्याला प्रत्येक जाळीत, सिंकमध्ये, बेसिनमध्ये एक-दोन तांबे पाणी ओता, फ्लश करा, बास. सोबत सगळे नळ आणि शॉवर काही मिनिटं सोडून द्या. पाइपात साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसला, लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात, त्यामुळे रिकाम्या घरात नवीन माणूस यायच्या आधी पाणी वाहतं करणं हे नुसतं दिखाव्याचं काम नाही. हे करताना खिडक्या उघड्या ठेवा.

ओलीचं मात्र नीट बघायला लागतं, कारण त्यावर नुसता रंग मारला तर दोन-तीन महिन्यांत पापुद्रे येतात, आणि भाडेकरूला वाटतं मालकाने फसवलं. तिथून जे नातं बिघडतं ते सुधारत नाही. आधी ओल बाहेरून येतेय की आतल्या दमट हवेची आहे ते शोधा. प्लास्टिकचा एक तुकडा घ्या, ओल्या भागावर ठेवून चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली वाफ आहे, म्हणजे एक्झॉस्ट फॅन, खिडकी, हवा खेळती ठेवणं यावर खर्च करा. पाणी प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला आलं तर भिंतीतूनच येतंय, मग पाइपचं लिकेज, बाहेरच्या भिंतीची भेग किंवा वरच्या मजल्याचं बाथरूम. ते आधी, रंग नंतर. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला वाढायला फारसा वाव मिळत नाही, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र फार महाग नसतं, एक भिंतीला लावूनच ठेवा, भाडेकरूलाही कळतं की कधी खिडकी उघडायची.

मग सुरक्षा. बंद बाथरूममध्ये गॅसवर चालणारा गीझर असेल तर आधी तो तिथून काढा, हे मी विनंती म्हणून सांगत नाहीये, हे करायलाच हवं. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच किंवा अंघोळ करतानाच बेशुद्ध पडतो. विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का बघा, गळणारा करंट ओळखून ती क्षणात वीज तोडते, शॉक लागणाऱ्या माणसाचा जीव वाचवणारी वस्तू आहे ती, आणि नसेल तर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. दाराचं कुलूप किंवा लॅचचा सिलिंडर दर भाडेकरूनंतर बदलायचा. बदललाय हे घर दाखवताना सांगायचं. एकट्या राहणाऱ्या मुलीला, बाईला ह्या एका वाक्याने किती निर्धास्त वाटतं ते मी कित्येकदा बघितलंय.

बाकी रंग फिकट ठेवा, भपकेबाज रंगाच्या खोलीत प्रत्येकाला आपलं सामान विजोड दिसतं. एका खोलीतले बल्ब सगळे एकाच छटेचे लावा, बसायच्या-झोपायच्या जागी २७०० ते ३००० केल्विनचे उबदार प्रकाशाचे आणि किचनमध्ये थोडे पांढरे, एका खोलीत तीन तऱ्हेचे दिवे असले की घर जुनाट दिसतं. पैसे हातात कमी असतील तर किचन आणि बाथरूमवर घाला, तेही फरशांच्या सांध्यांमधलं काळं झालेलं ग्राउट, नळ, सिंकचं सिलिकॉन, टॉयलेटची सीट ह्या गोष्टींवर. ह्या स्वस्त आहेत आणि दुसऱ्याने वापरलेलं घर अशी जी नकोशी भावना असते ती ह्यांनीच जाते. छताच्या महागड्या सजावटीसाठी कोणी जास्त भाडं देत नाही.

छोट्या घरात जागेचा प्रश्न तर असतोच, पण लोक जागा कमी आहे म्हणून जितके नाही म्हणतात त्याहून जास्त ते आपलं सामान बसेल की नाही हे कळत नाही म्हणून नाही म्हणतात. म्हणून घर मोजा. प्रत्येक भिंतीची लांबी, दारांची रुंदी, खिडकी जमिनीपासून किती उंच, प्लग पॉइंट कुठे. फ्रिजची आणि वॉशिंग मशीनची जागा मोजून लिहा, साधारण वॉशिंग मशीनला ६० सेंटिमीटर रुंदी लागते आणि वर पाइपसाठी मागे थोडी मोकळी जागा, ती आहे की नाही हे सरळ सांगा. एका कागदावर हाताने नकाशा काढून त्यावर मापं लिहून फोटो टाकला तरी चालतं, जाहिरातीत ती गोष्ट असली की विचार करणारा माणूस थांबतो. उभ्या भिंतीवर छतापर्यंत कपाट करून द्या, दारामागे हुक द्या, आणि घरातून काम करणारे आता खूप आहेत, तर खिडकीजवळ एक टेबल बसेल एवढी जागा आणि तिथे प्लग पॉइंट असला पाहिजे. इंटरनेटचं कनेक्शन कोणकोणतं मिळतं आणि मोबाइलचं नेटवर्क घराच्या आत नीट येतं का हे आधीच तपासून ठेवा, हा प्रश्न तुम्हाला येणारच आहे.

आणि हे घर कोणासाठी आहे ते एकदा ठरवा. एका बेडरूमचं घर एकटा नोकरी करणारा माणूस, नवीन जोडपं, एखादं निवृत्त माणूस, शिकणारी मुलं यांच्यासाठी वेगवेगळं असतं. तळमजल्यावर आहे तर वयस्कर माणसाला सोयीचं, स्टेशनजवळ आहे तर नोकरीवाल्याला, शांत गल्लीत आहे तर घरून काम करणाऱ्याला. याचा अर्थ इतरांना दार बंद असा अजिबात नाही, फक्त जाहिरातीत कोणती गोष्ट वर लिहायची आणि कुठे लिहायची ते यावरून ठरतं. जवळच्या हॉस्पिटलच्या, कॉलेजच्या, ऑफिसच्या नोटीस बोर्डवर किंवा त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलेली एक जाहिरात मोठ्या वेबसाइटवरच्या जाहिरातीपेक्षा चांगली माणसं आणते, कारण तिथे येणाऱ्याची नोकरी काय आहे ते तुम्हाला आधीच माहीत असतं.

फोटो दिवसा काढा, पडदे उघडे, दिवेही चालू. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून छातीच्या उंचीवरून, फोन सरळ धरून, म्हणजे भिंती तिरक्या दिसत नाहीत. फोनमधली ती एकदम रुंद दिसणारी लेन्स वापरू नका, खोली हॉलएवढी दिसते आणि मग बघायला आलेला माणूस दारातच हिरमुसतो. तुमच्याकडे लोक येऊन परत जातायत त्यात हे एक कारण असू शकतं, बघा बरं तुमचे फोटो. बाथरूमचा फोटो टाकाच, नसला की लोक समजतात तिथे काहीतरी वाईट आहे. पहिला फोटो सगळ्यात उजेडाच्या खोलीचा, इमारतीच्या गेटचा नको.

जाहिरातीत काय लिहायचं तर खरं आणि पूर्ण. भाडं किती, त्यात काय धरलंय, डिपॉझिट किती, किमान किती महिन्यांचा करार, कधीपासून रिकामं, कितवा मजला, लिफ्ट आहे का, पाणी किती वेळ, पार्किंग, पाळीव प्राणी चालतील का. "सुंदर, प्रशस्त, सर्व सोयींनी युक्त" हे कोणी वाचत नाही. आणि घरातली एक-दोन वाईट गोष्टही लिहा. म्हणजे "तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही" किंवा "समोर शाळा आहे, सकाळी आवाज असतो". ज्याला चालणार नाही तो येतच नाही, तुमचा त्याचा वेळ वाचतो, आणि ज्याला चालतं त्याचा तुमच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो. पाळीव प्राण्यांबद्दल माझं मत सांगते, इमारतीचा नियम आड येत नसेल तर सरसकट नाही म्हणू नका. कुत्रं-मांजर असलेल्यांना घरं मिळता मिळत नाहीत, त्यामुळे मिळालं की ते वर्षानुवर्षं सोडत नाहीत. करारात साफसफाईची आणि नुकसानभरपाईची अट घाला म्हणजे झालं.

फोन आला की उचला, नाही जमलं तर त्याच दिवशी परत करा. चांगला भाडेकरू ज्या दिवशी तुम्हाला फोन करतो त्याच दिवशी अजून तीन जणांना करतो. घर दाखवायची वेळ शक्यतो दिवसाची ठेवा आणि संध्याकाळी परत बघायचं असेल तर हो म्हणा, ज्याला खरंच राहायचंय त्याला रात्रीचा आवाज, पार्किंग, गल्लीतला उजेड बघायचा असतो. बघायला आलेल्या माणसाच्या मागे मागे फिरून बोलत बसू नका. दार उघडा, दोन वाक्यात सांगा, मग त्याला नळ सोडून बघू दे, कपाट उघडू दे. पाण्याचा प्रेशर स्वतःच दाखवा. निघताना एक कागद द्या किंवा मेसेज पाठवा ज्यात सगळे आकडे, अटी आणि कोणती कागदपत्रं लागतील ते लिहिलंय. असं करणारा मालक फार कमी भेटतो, त्यामुळे लक्षात राहतो.

आता पारखणं. इथे लोक चेहरा, बोलणं, कपडे, आडनाव बघून ठरवतात, आणि मला ह्या गोष्टीचा मनापासून राग येतो. एक तर ते अन्यायाचं आहे, कितीतरी चांगली माणसं जात, धर्म, एकटी बाई, लग्न झालंय की नाही यावरून घराघरातून परत पाठवली जातात. बऱ्याच देशांत हे बेकायदा पण आहे, अमेरिकेत १९६८ पासून घरं देताना वंश आणि धर्मावरून भेदभाव करायला कायद्याने मनाई आहे, ब्रिटनमध्ये २०१० चा समानतेचा कायदा आहे. आणि तिसरं म्हणजे हे उपयोगाचंही नाही, भाडं बुडवणारा माणूस बोलायला बहुतेक वेळा फार गोडच असतो, त्याला सवय असते. तुमचे निकष आधी कागदावर लिहून काढा, उत्पन्न किती हवं, कोणती कागदपत्रं, किती जण राहू शकतात, आणि ते येणाऱ्या प्रत्येकाला सारखेच लावा. लिहिलेलं असलं की मन भलतीकडे जात नाही.

उत्पन्नासाठी बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा ढोबळ नियम म्हणजे महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट. पण तो ढोबळ आहे हे लक्षात ठेवा. तिप्पट कमावणारा पण निम्मा पगार कर्जाच्या हप्त्यात जाणारा माणूस अडीचपट कमावणाऱ्या बिनकर्जाच्या माणसापेक्षा जास्त जोखमीचा. पगाराची स्लिप आजकाल कोणीही घरबसल्या बनवतो, त्यामुळे स्लिपवरची रक्कम आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्या तारखेला जमा झालेली रक्कम जुळते का ते बघा. कंपनीला फोन करायचा असेल तर त्याने दिलेल्या नंबरवर न करता स्वतः नंबर शोधून करा, आणि त्याला आधी सांगून, त्याच्या परवानगीने करा. स्वतःचा धंदा असलेल्यांना पगाराची स्लिप नसते, त्यांच्याकडे सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कर भरल्याचे कागद मागा, एखादा महिना कमी दिसला तर घाबरू नका, सरासरी बघा. गोळा केलेली कागदपत्रं नीट जपा, आणि ज्यांना घर दिलं नाही त्यांची नष्ट करा, कोणाची ओळखपत्रं आपल्या फोनमध्ये वर्षभर पडून राहणं बरोबर नाही.

सगळ्यात मौल्यवान माहिती मात्र आधीच्या घरमालकाकडून मिळते, आणि त्यातही सध्याच्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाकडून. का, तर सध्याच्या मालकाला तो भाडेकरू नकोसा झाला असेल तर तो खूप स्तुती करेल, कसा का होईना जाऊ दे म्हणून. आधीच्या मालकाला आता कसलाच स्वार्थ नाही. फोनवर उत्तर स्वतः पुरवू नका. "ते तुमच्याकडे दोन वर्षं होते ना" असं विचारलं तर समोरचा हो म्हणून मोकळा होतो, मग तो मालक नसून मित्र असला तरी कळत नाही. "कधीपासून कधीपर्यंत होते, भाडं किती होतं, घर कोणत्या मजल्यावर" असं विचारा. आणि शेवटी एकच प्रश्न, "परत त्यांना घर द्याल का?" उत्तर लगेच आलं की मी निश्चिंत होते. थोडं थांबून, शब्द जुळवून आलं तर अजून दोन प्रश्न विचारते.

काही गोष्टी दिसल्या की मी थांबते. करार व्हायच्या आधी चावी मागणारा. घर न बघताच पैसे पाठवतो म्हणणारा. आधीच्या मालकाचा नंबर देतो देतो म्हणत न देणारा. सगळ्या वर्षाचं भाडं एकदम देतो, पण कागद नको म्हणणारा. प्रत्येक जुन्या मालकाबद्दल फक्त तक्रारच सांगणारा. यातली एखादी गोष्ट असली म्हणजे माणूस वाईटच असं नाही, सरळ विचारा, पटणारं कारण असलं तर पुढे जा. पहिल्यांदाच घर सोडून बाहेर राहणाऱ्या मुलाकडे जुना मालक कुठून असणार, त्याच्यासाठी जामीनदार घ्या, पण त्याला नुसतं अनुभव नाही म्हणून परत पाठवू नका.

करार लेखी, तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे नोंदवायचा असेल तर नोंदवून. त्यात भाड्याची तारीख, डिपॉझिटमधून काय कापलं जाईल, दुरुस्ती कोणाची, किती दिवसांची नोटीस, भाडं कधी आणि कितीने वाढेल हे साध्या भाषेत. चावी देताना दोघांनी मिळून घर फिरायचं, प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ काढायचे, मीटरचं रीडिंग लिहायचं, भिंतीवर आधीच असलेला ओरखडासुद्धा नोंदवायचा आणि यादीवर दोघांच्या सह्या. भाडेकरूला सांगा की ही यादी तुमच्याही संरक्षणासाठी आहे. चांगल्या माणसाला याचं बरंच वाटतं, कारण मागच्या घरात त्याचं डिपॉझिट भलत्याच कारणाने कापलं गेलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

आणि मग तो राहायला आला की खरं काम सुरू. पहिल्या आठवड्यात एक फोन करा, काही अडलंय का. दुरुस्तीचा निरोप आला की त्याच दिवशी उत्तर द्या, काम दोन दिवसांनी झालं तरी चालतं पण निरोप मिळाला आणि माणूस कधी येणार हे लगेच कळवा. पाणी, वीज, कुलूप ह्या तीन गोष्टी मात्र त्याच दिवशी. न सांगता घरी जायचं नाही, किमान एक दिवस आधी विचारायचं, ते घर तुमचं असलं तरी राहतं घर आता त्याचं आहे. लोक म्हणतात भाडेकरूला फार मोकळीक दिली की डोक्यावर बसतात. माझ्याकडे जे लोक पाच-सहा वर्षं राहिले ते सगळे याच मोकळिकीमुळे राहिले, आणि तेवढ्या काळात मला ना जाहिरात करावी लागली ना घर रिकामं राहिलं. भाडंवाढीचा विचार करताना पण वर दिलेलाच हिशोब मांडा, चांगला माणूस ५ टक्क्यांवरून उठून गेला आणि घर महिनाभर रिकामं राहिलं तर वाढीपेक्षा जास्त गेलं. वाढवायचंय तर दोन महिने आधी सांगा, कारण सांगा, आणि सोबत त्याने सांगितलेली एखादी दुरुस्ती करून द्या.

एजंटबद्दल पण तुम्ही विचारलंय. वेळ नसेल तर जरूर घ्या, पण तो घर दाखवताना एकदा सोबत जा आणि भाडेकरूची तपासणी स्वतः करा, कारण त्याला पैसे करार झाला की मिळतात, तो माणूस पुढे कसा राहतो याची झळ त्याला बसत नाही.

भाडेकरू निघतो तेव्हा सह्या केलेली ती जुनी यादी काढा, दोघांनी मिळून घर बघा, वापराने होणारी झीज सोडून द्या, म्हणजे फिका पडलेला रंग, खिळ्यांची एखाद-दोन भोकं, आणि जे खरंच मोडलंय तेवढ्याचेच पैसे पावतीसकट कापा. उरलेलं डिपॉझिट ठरल्या तारखेच्या आत परत द्या. मग त्याला विचारा की तुमच्या ऑफिसात, मित्रांत कोणाला घर हवंय का. पूर्ण डिपॉझिट वेळेवर मिळालेला माणूस मनापासून सांगतो, आणि तो ज्याला पाठवतो तो घर कसं आहे, मालक कसा आहे हे सगळं आधीच ऐकून आलेला असतो. माझ्याकडचे बरेचसे भाडेकरू आता असेच येतात. तुमच्या घरात याआधी जे राहून गेले त्यांच्याशी संबंध बरे असतील तर आजच त्यांना एक फोन करून बघा, आणि त्यांनी घर का सोडलं होतं ते पण विचारा.